निकाल डब्याचा, कुपीचा नव्हे: रॅम्पार्ट ट्रायल नीट वाचूया

फिट आणि तातडीची औषधं या विषयावरच्या नोट्समध्ये, सेमिनारच्या स्लाइड्सवर आणि नव्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य वारंवार दिसतं: 'हॉस्पिटलबाहेर फिट थांबवण्यासाठी मिडॅझोलॅम हे लोराझेपॅमपेक्षा चांगलं औषध आहे, असं २०१२ च्या रॅम्पार्ट ट्रायलने सिद्ध केलं.' संदर्भ बरोबर, वर्ष बरोबर, औषधांची नावंही बरोबर. तरीही वाक्य चुकीचं आहे. त्या ट्रायलने हा प्रश्न विचारलाच नव्हता.

पीएचडीची तयारी करणाऱ्यांसाठी हा पेपर मला फार उपयोगी वाटतो. डिझाइन उत्तम आहे, निकाल स्पष्ट आहे आणि गैरसमज भरपूर आहेत. वाईट पेपरवर टीका करणं सोपं असतं. चांगल्या पेपरला नेमकं किती म्हणायचा हक्क आहे हे ओळखणं अवघड, आणि संशोधनात तेच जास्त लागतं. (औषध कसं द्यावं याबद्दलचा सल्ला म्हणून हा लेख वाचू नका. हा पेपर वाचण्याबद्दलचा लेख आहे.)

आधी काय माहीत होतं

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर ती आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि अशा अवस्थेला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात. उपचाराची पहिली पायरी म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातलं औषध: डायझेपॅम, लोराझेपॅम किंवा मिडॅझोलॅम. तिन्ही मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात आणि पेशींची अतिउत्तेजित अवस्था शांत करतात. जितका उशीर होतो तितकं औषध कमी चालतं, कारण फिट लांबत गेली की पेशीच्या पृष्ठभागावरचे हे रिसेप्टर आत ओढले जातात. म्हणून हॉस्पिटलपर्यंत थांबायचं की अँब्युलन्समध्येच औषध द्यायचं, हा प्रश्न महत्त्वाचा.

या प्रश्नाचं पहिलं भक्कम उत्तर २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून आलं. पॅरामेडिकनी २०५ रुग्णांना शिरेतून लोराझेपॅम, डायझेपॅम किंवा प्लासिबो दिलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिट थांबलेल्यांचं प्रमाण लोराझेपॅम गटात ५९.१ टक्के, डायझेपॅम गटात ४२.६ टक्के आणि प्लासिबो गटात २१.१ टक्के होतं.

त्याच पेपरमधला दुसरा आकडा मात्र कमी लोक लक्षात ठेवतात. या औषधांबद्दलची मोठी भीती म्हणजे श्वास मंदावणं. पण श्वसन किंवा रक्ताभिसरणाच्या गुंतागुंती लोराझेपॅम गटात १०.६ टक्के, डायझेपॅम गटात १०.३ टक्के आणि प्लासिबो गटात २२.५ टक्के निघाल्या. फरकाची पी-व्हॅल्यू ०.०८ होती, त्यामुळे 'औषधाने श्वास वाचवला' असं ठोकून म्हणता येत नाही. पण 'औषध दिलं म्हणून श्वास बिघडला' असं म्हणायलाही तिथे आधार नाही. श्वास बिघडवायला चालू राहिलेली फिट पुरेशी असते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

मग अडचण कुठे उरली? लोराझेपॅम शिरेतून द्यावं लागतं आणि ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. फिट आलेल्या माणसाचा हात झटके देत असताना, अरुंद जागेत, शीर शोधून सुई घालायची ही काही साधी गोष्ट नाही. मिडॅझोलॅम सामान्य तापमानाला टिकतं आणि स्नायूत दिलं तरी पटकन शोषलं जातं. अमेरिकेतल्या काही अँब्युलन्स सेवांनी ते पुरेसा पुरावा नसतानाच वापरायला सुरुवात केली होती. रॅम्पार्ट ही ट्रायल या टप्प्यावर आली.

डिझाइन: इथे खरंच दाद द्यावी लागते

जून २००९ ते जानेवारी २०११ या काळात अमेरिकेतल्या ३३ अँब्युलन्स सेवा, ४,३१४ पॅरामेडिक आणि ७९ हॉस्पिटलं यात सहभागी झाली. पाच मिनिटांहून जास्त वेळ फिट चालू असलेले आणि पॅरामेडिक पोचल्यावरही थांबलेले नसलेले ८९३ रुग्ण घेतले गेले. ४४८ जणांना स्नायूत मिडॅझोलॅम, ४४५ जणांना शिरेतून लोराझेपॅम. डोस ठरलेला होता. चाळीस किलोच्या वरच्यांना मिडॅझोलॅम १० मिलिग्रॅम किंवा लोराझेपॅम ४ मिलिग्रॅम, त्याखालच्यांना निम्मा.

एक औषध स्नायूत आणि दुसरं शिरेत जाणार असेल, तर कोणाला काय दिलं हे पॅरामेडिकपासून लपवायचं कसं? यावरचा उपाय म्हणजे डबल डमी. प्रत्येक डब्यात दोन्ही गोष्टी होत्या: मांडीत टोचायचा ऑटोइंजेक्टर आणि शिरेतून द्यायची सिरिंज. एकात खरं औषध, दुसऱ्यात प्लासिबो. प्रत्येक रुग्णावर दोन्ही वापरायचे. डब्यात व्हॉइस रेकॉर्डर होता आणि डबा उघडला की तो चालू व्हायचा. 'इंजेक्शन दिलं', 'शीर मिळाली', 'झटके थांबले' हे पॅरामेडिकने मोठ्याने बोलायचं, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते. धावपळीत कागदावर लिहिलेल्या वेळांवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्यांनी एका साध्या युक्तीने सोडवला.

संमतीचा प्रश्न वेगळा होता. फिट चालू असलेला माणूस होकार देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या कायद्यात आपत्कालीन संशोधनासाठी संमतीतून सूट मिळण्याची तरतूद आहे, पण आधी त्या त्या भागातल्या लोकांशी चर्चा करावी लागते आणि जाहीर माहिती द्यावी लागते. रॅम्पार्ट त्याच तरतुदीखाली झाली. संशोधनातली नीतिमत्ता हा पेपर अभ्यासताना कंटाळा येत असेल, तर हे उदाहरण जवळ ठेवा.

निकाल

मुख्य निकष असा होता: हॉस्पिटलच्या दारात पोचताना फिट थांबलेली असावी आणि वाटेत दुसरं बचावाचं औषध द्यावं लागलेलं नसावं. मिडॅझोलॅम गटात ४४८ पैकी ३२९, म्हणजे ७३.४ टक्के. लोराझेपॅम गटात ४४५ पैकी २८२, म्हणजे ६३.४ टक्के. फरक १० टक्केबिंदूंचा, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ४.० ते १६.१.

ट्रायल मुळात 'नॉन-इन्फेरिऑरिटी' प्रकारची होती. म्हणजे प्रश्न 'मिडॅझोलॅम सरस आहे का' असा नव्हता. 'ते १० टक्केबिंदूंपेक्षा जास्त कमी पडत नाही ना' एवढाच होता. कमी न पडणं सिद्ध करायला निघाले आणि वरचढ असल्याचं दिसलं. १० टक्केबिंदूंची ढील जास्त होती का, असा आक्षेप घेता येतो. पण ढील ठरवताना जुन्या औषधाने प्लासिबोवर किती मात केली होती हे बघायचं असतं. सॅन फ्रान्सिस्कोत ती ३८ टक्केबिंदूंची होती, त्यामुळे १० हा आकडा अवाजवी वाटत नाही. शिवाय पूर्ण कॉन्फिडन्स इंटरव्हल शून्याच्या वरच राहिल्यामुळे ढिलीचा वाद इथे निकालात निघतो.

पहिला आक्षेप: तुलना कशाची होती?

आता पेपरमधले वेळेचे आकडे बघा. डबा उघडल्यापासून खरं औषध शरीरात जाईपर्यंतचा मध्यक वेळ मिडॅझोलॅमसाठी १.२ मिनिटं, लोराझेपॅमसाठी ४.८ मिनिटं. औषध गेल्यापासून झटके थांबेपर्यंत मिडॅझोलॅमला ३.३ मिनिटं, लोराझेपॅमला १.६ मिनिटं.

म्हणजे एकदा शरीरात गेल्यावर लोराझेपॅम लवकर काम करताना दिसतं! मिडॅझोलॅम जिंकलं ते आधीच्या टप्प्यात, शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचल्यामुळे. काही रुग्णांत तर शीर मिळालीच नाही. त्यांना खरं लोराझेपॅम पोचलंच नाही, तरी ते लोराझेपॅम गटातच मोजले गेले. हे बरोबरच आहे. इंटेन्शन टू ट्रीट म्हणजे हेच: ज्या गटात वाटला गेला, रुग्ण त्याच गटात राहतो. पण मग त्या गटाचं नाव 'लोराझेपॅम' असं न वाचता 'शिरेतून लोराझेपॅम द्यायचा प्रयत्न' असं वाचायला हवं.

थोडक्यात, दोन रेणूंची तुलना झालीच नाही. एका बाजूला औषध, मार्ग आणि साधन असं एक गाठोडं होतं, दुसऱ्या बाजूला दुसरं गाठोडं. पेपरच्या शीर्षकातही स्नायूतून आणि शिरेतून हे शब्द आहेत, औषधांची नावं नाहीत. लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, आपण उतरवून घेताना मार्ग गाळला आणि औषधाचं नाव ठेवलं.

फरक स्पष्ट व्हावा म्हणून वेदनाशामकांचं एक उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये फ्रान्समधली एक ट्रायल प्रसिद्ध झाली. हॉस्पिटलबाहेर, दुखापतीमुळे तीव्र वेदना असलेल्या २५१ रुग्णांना केटामाइन किंवा मॉर्फिन दिलं. दोन्ही शिरेतूनच. अर्ध्या तासाने वेदनेचा आकडा केटामाइन गटात सरासरी ३.७ ने आणि मॉर्फिन गटात ३.८ ने उतरला. इथे मार्ग एकच असल्याने 'केटामाइन मॉर्फिनपेक्षा कमी पडलं नाही' हे वाक्य औषधाबद्दलचं आहे, असं म्हणता येतं. रॅम्पार्टबद्दल तसं म्हणता येत नाही. रिव्ह्यू टेबल करताना 'औषध' हा एकच रकाना ठेवलात तर हा फरक तिथेच हरवतो. 'मार्ग' आणि 'साधन' असे रकाने वेगळे करा.

दुसरा आक्षेप: वेळांची बेरीज

वरचे आकडे बघून मोह होतो: १.२ अधिक ३.३ म्हणजे ४.५, आणि ४.८ अधिक १.६ म्हणजे ६.४. म्हणून 'मिडॅझोलॅमने दोन मिनिटं वाचवली.' हे करू नका. सरासऱ्यांची बेरीज चालते, मध्यकांची चालत नाही. पहिल्या टप्प्यातला मधला रुग्ण आणि दुसऱ्या टप्प्यातला मधला रुग्ण एकच असेल असं काही नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हे मध्यक सगळ्या ८९३ जणांचे नाहीत. हॉस्पिटलला पोचण्याआधी ज्यांचे झटके थांबले, फक्त त्यांचे आहेत. म्हणजे आधी निकाल बघून माणसं निवडली आणि मग त्यांची तुलना केली. चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटणीतून मिळणारी समतोल तुलना इथे टिकत नाही. मिडॅझोलॅम गटातून ७३ टक्के आत आले, लोराझेपॅम गटातून ६३ टक्के, आणि हे दोन उपगट सारखेच आहेत असं धरायला कारण नाही. 'लोराझेपॅम शरीरात गेल्यावर लवकर काम करतं' हे मी वर 'दिसतं' असं म्हटलं ते म्हणूनच. कारण समजायला हे आकडे उपयोगी आहेत, पण ट्रायलचा निकाल म्हणून ते मांडू नयेत.

तिसरा आक्षेप: 'थांबली' म्हणजे काय?

फिट थांबली की नाही हे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने रुग्णाला तपासून ठरवलं, ईईजी बघून नाही. झटके थांबले तरी मेंदूतली विद्युत फिट चालू राहू शकते. बाहेरून शांत दिसणारा रुग्ण औषधाने झोपलेला आहे की आतून अजून फिटमध्ये आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्या परिस्थितीत धावत्या अँब्युलन्समध्ये ईईजी शक्य नव्हता आणि डॉक्टरला गट माहीत नव्हता, त्यामुळे चूक दोन्ही बाजूंना सारखीच होण्याची शक्यता जास्त. म्हणून मी याला दोष म्हणणार नाही, मर्यादा म्हणेन. आपल्या लिखाणात मात्र 'फिट थांबली' ऐवजी 'झटके थांबलेले दिसले' इतकंच म्हणणं इमानदारीचं.

चौथा आक्षेप: डब्यातला डोस आणि हातातला डोस

माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे, आणि पेपरवर चर्चा करताना तो सहसा राहून जातो.

ट्रायलच्या डब्यात डोस आधीच भरलेला होता. ऑटोइंजेक्टर मांडीवर दाबला की पूर्ण डोस आत. 'आधी अर्धं देऊन बघू' अशी सोयच नव्हती. रोजच्या कामात पॅरामेडिककडे हा डबा नसतो, कुपी आणि सिरिंज असते. किती ओढायचं हे माणूस ठरवतो, आणि श्वास मंदावेल या भीतीने माणूस कमी ओढतो. रॅम्पार्टनंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसत राहिलं: मार्गदर्शक सूचनांत १० मिलिग्रॅम, प्रत्यक्षात बहुतेकदा त्याहून बरंच कमी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इसेट ट्रायलमध्ये पहिल्या औषधाने फिट न थांबलेले रुग्ण घेतले होते. लेव्हेटिरॅसेटॅम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या तिन्हींचं यश जवळपास सारखं निघालं: ४७, ४५ आणि ४६ टक्के. पण त्या रुग्णांपैकी अनेकांना पहिलं औषधच सूचनेपेक्षा कमी मिळालं होतं. म्हणजे 'औषधाला दाद न देणारी फिट' असा शिक्का बसलेल्या काही जणांना मुळात पुरेसं औषधच मिळालं नव्हतं.

भीतीला आधार किती? रॅम्पार्टमध्ये श्वासनलिकेत नळी घालावी लागण्याचं प्रमाण मिडॅझोलॅम गटात १४.१ टक्के आणि लोराझेपॅम गटात १४.४ टक्के होतं, तेही दोन्ही गटांना पूर्ण डोस देऊन. सॅन फ्रान्सिस्कोचे आकडे वर आलेच आहेत. पूर्ण डोस बिनधोक आहे असं यातून निघत नाही. पण अर्धा डोस जास्त सुरक्षित आहे, याला या दोन्ही ट्रायलमध्ये कुठेही आधार नाही.

म्हणून मी म्हणते, ७३.४ टक्के हा निकाल डब्याचा आहे, कुपीचा नाही. डब्याने दोन गोष्टी एकदम केल्या: शीर शोधण्याचा वेळ वाचवला आणि हात आखडता घेण्याची संधी काढून घेतली. त्यातली किती टक्के करामत कोणाची, हे या डिझाइनमधून वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही गटांना ठरलेला पूर्ण डोसच होता. हा आक्षेप ट्रायलवर नाही, तिचा आकडा उचलून डबा नसलेल्या ठिकाणी नेऊन ठेवणाऱ्यांवर आहे.

आपल्याकडे नेताना

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या अँब्युलन्सवर डॉक्टर असतो. म्हणजे मनुष्यबळाची रचनाच वेगळी. दुसरं, आपल्याकडे फिट येणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांना मिडॅझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला जातो. औषध तेच, म्हणून रॅम्पार्टचा संदर्भ जोडला की झालं, असं वाटू शकतं. पण मार्ग वेगळा, साधन वेगळं, देणारा माणूस वेगळा. नाकातल्या स्प्रेसाठी नाकातल्या स्प्रेचाच पुरावा शोधायला हवा. या विषयावर प्रपोजल लिहिणाऱ्याला इथे खरी जागा आहे: कुठल्या ठिकाणी, कोणाच्या हातून, प्रत्यक्षात किती डोस जातो आणि किती मिनिटांनी जातो, याच्या साध्या नोंदी. यात नवा रेणू नाही, मोठं यंत्र नाही. पण रॅम्पार्टचा आकडा इथे लागू पडतो का, हे ठरवायला आधी तेवढंच हवं आहे.

मग वाक्य कसं लिहायचं?

माझी सूचना अशी: 'पॅरामेडिकनी हॉस्पिटलबाहेर केलेल्या उपचारांत, ऑटोइंजेक्टरने स्नायूत ठरलेल्या पूर्ण डोसमध्ये दिलेलं मिडॅझोलॅम, शिरेतून लोराझेपॅम देण्याच्या प्रयत्नापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं. हॉस्पिटलला पोचताना झटके थांबलेल्यांचं प्रमाण ७३.४ टक्के विरुद्ध ६३.४ टक्के होतं.' वाक्य लांबलं, मान्य. गाईड म्हणतील छोटं करा. छोटं करताना विशेषणं काढा, पण 'स्नायूत', 'पूर्ण डोस' आणि 'प्रयत्न' हे तीन शब्द काढू नका. पेपरचा सगळा अर्थ त्यांच्यात आहे.

पुढच्या वेळी कुठलीही क्लिनिकल ट्रायल वाचायला घ्याल तेव्हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट बंद करून आधी मेथड्समध्ये शोधा: औषध कोणाच्या हातात होतं, ते कशात भरलेलं होतं, आणि किती द्यायचं हे कोणी ठरवलं. या तीन गोष्टी तुमच्या गावात, तुमच्या हॉस्पिटलात तशाच असतील तर आकडा सोबत न्या. नसतील तर आकडा तिथेच ठेवा आणि प्रश्न घेऊन या.